पिवळीच्या पोटात

सोमवार, ३ फेब्रुवारी

डॉक्टरांनी दिलेली वही कपाटात वरच्या खणात आहे. तिच्यात मी चांगल्या अक्षरात कारखान्याच्या आठवणी लिहायच्या आहेत. ही दुसरी वही सूनबाईच्या ऑफिसातून फुकट आलेली. हिच्याबद्दल कुणालाच काही सांगायचं नाही, कारण त्या वहीत पहिल्याच पानावर मी थाप मारून बसले आहे.

काल दुपारी चारला ते आले. दातांचे डॉक्टर, वय पंचेचाळीसच्या आसपास, आमच्या दारातून वाकून आत यावं लागलं इतके उंच. बसायच्या आधीच म्हणाले, "काकू, तुम्हाला शोधायला फार वेळ लागला हो." मग पिशवीतून मऊ फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. फडकं पुरतं सुटायच्या आतच मी ओळखलं. टेबल टेनिसची बॅट, रबर न लावलेली, नुसतं लाकूड. मुठीवर तपकिरी-काळी-तपकिरी पट्टी. आपल्या पोराला पाठमोरं बघूनही ओळखावं, तसं.

जुन्या बॅटा जमवणारे लोक असतात, हे मला कालपर्यंत माहीत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, त्यांच्या ओळखीचे साठ-सत्तर जण आहेत आणि त्यातले निम्मे आमच्या कारखान्याच्या या एकाच बॅटेच्या मागे आहेत. "पिवळी" म्हणतात तिला. त्यांनी बॅट आडवी धरून कड खिडकीच्या उजेडात नेली. लाकडाचे पाच थर, आणि बाहेरच्या थरांखाली दोन्ही बाजूंना केसाएवढी बारीक पिवळी रेघ.

"बघा. या मॉडेलच्या बाकी सगळ्या बॅटांत काळी-पिवळी रेघ आहे. कोळशाचा धागा आणि कापला न जाणारा पिवळा धागा, एकत्र विणलेलं परदेशी कापड. या शेवटच्या शंभरेकांत मात्र नुसती पिवळी. वीण बघा किती बारीक आहे! असं कापड मी दुसऱ्या कुठल्याच बॅटेत पाहिलं नाही. माझ्याकडे अकरा आहेत. काकू, प्रेसवर तुम्ही होतात. हे कापड कुठून आलं होतं?"

मी म्हणाले, "आठवत नाही हो. एकतीस वर्षं झाली."

हे खोकले. चहा काल ह्यांनीच केला होता. कप ठेवताना म्हणाले, "डॉक्टरांना साखर अर्धाच चमचा घातलीय." माणसाकडे नुसतं बघून ह्यांना साखर कशी कळते, देव जाणे.

डॉक्टर जाताना वही देऊन गेले. तेवीस तारखेला त्यांच्या मंडळींचा मेळावा आहे, तिथे मी बोलायचं. त्यांनी या बॅटांचं एक पुस्तक तयार केलंय, अकरा वर्षं खपून. त्यात पिवळीचं पान तेवढं अर्धं आहे. संध्याकाळी मी त्यांच्या वहीत लिहिलं: "पिवळे कापड परदेशातून आले असावे." असावे म्हणे! ते कुठून आलं ते मला माहीत आहे. आपल्याच कारखान्याच्या दुसऱ्या मजल्यावरून, उजव्या हाताच्या खोलीतून.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

आज लिहूनच टाकते.

परदेशी कापडाची शेवटची गुंडाळी संपली आणि पुढची बंदरात अडकली. एकशे पाच बॅटा द्यायच्या राहिल्या होत्या, ट्रक मंगळवारी येणार होता. फोरमनला आम्ही मास्तर म्हणायचो. ते डोकं धरून बसले होते. मी प्रेसजवळ पुसायला म्हणून छपाई विभागातला एक फाटका तुकडा ठेवलेला असे. खोक्यांवर अक्षरं छापतात ना, त्यासाठी लाकडी चौकटीवर ताणून बसवतात ती जाळी. पॉलिस्टरची, पिवळी, इतकी बारीक की कापडच वाटावं. उगाच मनात आलं. तो तुकडा कापला, लाकडाच्या थरांत घातला, तोच गोंद, तेवढाच दाब, तेवढीच उष्णता. दुसऱ्या दिवशी मास्तरांनी ती बॅट घेऊन भिंतीवर दहा मिनिटं चेंडू मारला. मास्तर स्वतः चांगले खेळायचे. शेवटी म्हणाले, "बाई, ही तर जास्त बोलते हो हाताशी."

मग म्हणाले, "आणखी जाळी लागेल. छपाईवाली रजेवर आहे, किल्ली माझ्याकडे आहे. मी सांगतो साहेबांना नंतर."

रविवारी कारखाना बंद असताना आम्ही दोघं वर गेलो. भिंतीला चौदा चौकटी ओळीनं टांगलेल्या. मी पात्यानं जाळी कापत गेले. एका चौकटीतून पंधरा तुकडे. चौदा पंधरे दोनशे दहा. एका बॅटेला दोन. एकशे पाच. डॉक्टर म्हणतात नेमका आकडा जगात कुणाला माहीत नाही. मला आहे.

काम झालं तेव्हा भिंतीवर चौदा रिकाम्या चौकटी राहिल्या. त्यांच्यातून पलीकडचा चुना दिसत होता. तो चुना मला अजून दिसतो.

शनिवार, ८ फेब्रुवारी

छपाईवाली म्हणजे शाईवाली. माझी मैत्रीण. बोटं कायम निळी, म्हणून कारखान्यात सगळे तिला शाईवाली म्हणत, आणि निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी मी तेच म्हणते. रोज संध्याकाळी आम्ही दोघी तळ्याला दोन फेऱ्या मारतो. ती पुढे, मी मागे. चालताना ती जगातल्या प्रत्येक माणसाची हजेरी घेते.

तिची आई तेव्हा फार आजारी होती, म्हणून ती रजेवर होती. परत आली तर चौकटी रिकाम्या. छपाई आठवडाभर बंद पडली. चौकशी झाली. जाळी बाहेर विकली असा आळ तिच्यावर आला. मेमो मिळाला, आणि तिला विभागप्रमुख करणार होते ते राहिलं. मास्तर "सांगतो, सांगतो" म्हणत राहिले आणि तीन महिन्यांत दुसरीकडे नोकरीला लागले. ते वारले त्यालाही आता बरीच वर्षं झाली. गेलेल्या माणसावर सगळं ढकलता येतं, पण सांगायला तोंड मलाही होतं. मुलगा लहान होता, ह्यांच्या बस डेपोत संप चालू होता, माझी नोकरी गेली असती तर चूल थंड पडली असती. हे सगळं खरं आहे. आणि पुढची तीस वर्षं चूल पेटलेलीच होती, तरी मी गप्प होते, हेही खरंच आहे.

आज ह्यांना सांगितलं. हे बूट पॉलिश करत होते. जाळीचं ऐकून हसले. "चोरी कसली? चौकटीतून काढून बॅटेत बसवलीस. घरातली वस्तू घरातच." मग मी शाईवालीचं सांगितलं. ह्यांचा ब्रश थांबला.

"हे सांगायला हवं होतंस तू."

"तेव्हा हो. आता काय उपयोग?"

"आता तुम्ही दोघी रोज चालता ना? मग आताच उपयोग."

नंतर हे पुन्हा बाहेर पडले. या महिन्यात कवळी नीट करायला तिसऱ्यांदा जाणं. म्हणे दवाखान्यात गप्पा छान होतात. मला इथे झोप नाही आणि ह्यांना गप्पा.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

चार दिवस काहीच घडलं नाही. शाईवालीबरोबर फिरले, तिनं पालिकेची, जावयाची आणि तळ्यातल्या बदकांची हजेरी घेतली. मी दर फेरीला ठरवत होते, त्या वळणावर सांगू. वळण येई आणि जाई.

आज डॉक्टर पुन्हा आले. त्यांच्याकडे एक पिवळी आहे, कुणाच्या तरी हातून पडून मुठीपासून चिरलेली. ती प्रयोगशाळेत पाठवून धागा तपासून घ्यायचा त्यांचा विचार आहे. "पुस्तकात मोघम लिहायला मला नाही आवडत काकू. एकदाचं शास्त्रीय कळू दे."

म्हणजे आता माझी थाप उघडी पडणार. पण त्याच वेळी हसूही आलं. एवढी मोठी यंत्रं, शिकलेली माणसं, आणि शेवटी कागदावर येणार काय, तर खोकी छापायची जाळी.

म्हणाले, "प्रयोगशाळा कशाला? मी दाबलीय, मीच उघडते. शनिवारी या."

शनिवार, १५ फेब्रुवारी

सूनबाईला सुट्टी होती. जेवणाच्या टेबलावर जुनी चादर अंथरली. एक इस्त्री, एक पुट्टी लावायची पातळ पट्टी, एक ओला कपडा. सूनबाई इस्त्री धरायला, मी पट्टीला. हे खुर्ची ओढून समोर बसले, सामना बघायला बसल्यासारखे.

गोंद तापला की मऊ होतो, पण घाई केली की लाकूड फाटतं. कडेनं, बोटभर बोटभर. हात आपोआप चालले. इतक्या वर्षांत प्रेसला शिवले नव्हते, पण कुठे दाबायचं आणि कुठे थांबायचं ते मनगटाला ठाऊक होतं. पहिला कर्रर्र आवाज आला तसे डॉक्टरांनी डोळे मिटले.

"काकू, भूल तरी द्या हो हिला!"

"रोज लोकांच्या दाढा उपटता आणि लाकडाला घाबरता?" सूनबाई म्हणाली.

वरचा थर पापुद्र्यासारखा वर आला. खाली पिवळी जाळी, जशी घातली तशी, सुरकुतीसुद्धा नाही. मला इतका आनंद झाला की दोन क्षण बाकी सगळं विसरले. काय बसली होती ती! मग सूनबाई वाकली आणि म्हणाली, "आई, इथे अक्षरं आहेत."

होती. फिकट निळी, धुऊन उरलेली. एक पूर्ण शब्द: "जपा".

डॉक्टरांनी खिशातून भिंग काढलं. "जपा? म्हणजे?"

मी पट्टी खाली ठेवली. "'ओलाव्यापासून जपा.' खोक्यांवर छापायचे. ही छपाईची जाळी आहे डॉक्टर. परदेशी नाही, गुप्त नाही. मी कापली. आठवत नाही म्हणाले ते खोटं होतं."

सगळं सांगितलं. चौदा चौकटी, मास्तर, एकशे पाच. शाईवालीचंही. शेवटी त्यांनी बॅटेचे दोन्ही भाग फडक्यात घातले, फार हळू, आणि म्हणाले, "येतो मी." चहा तसाच राहिला.

अकरा वर्षांचं काम त्या माणसाचं. मी दहा मिनिटांत उलगडून ठेवलं. तरी खरं सांगते, आज जेवण नीट गेलं.

रविवार, १६ फेब्रुवारी

डॉक्टरांना सांगितलं आणि तिला नाही, हे बरं दिसत नव्हतं. दुसऱ्या कुणाकडून तिच्या कानावर जायच्या आत मीच सांगायला हवं होतं. आज तळ्यावर पहिल्याच बाकाशी म्हटलं, "बस जरा."

"गुडघा दुखतोय?"

"नाही. तुझी जाळी मी कापली होती."

तिला आधी कळलंच नाही. कोणती जाळी, म्हणाली. मग कळलं. मी बोलत गेले, ती पाण्याकडे बघत राहिली. बदकं आली, काही मिळत नाही बघून गेली.

"मेमो मिळाला त्या दिवशी," ती म्हणाली, "तू माझ्या शेजारी बसून माझ्या डब्यातलं खाल्लंस. मी रडत होते म्हणून मला जेवण जात नव्हतं, आणि तू म्हणालीस, टाकू नकोस, दे इकडे."

हे मला आठवत नव्हतं. आता आठवतंय.

"मास्तरांनी सांगितलं होतं की ते..."

"मास्तर माझी मैत्रीण नव्हते."

ती उठली आणि चालू लागली. नेहमीसारखीच पुढे. फक्त या वेळी मी मागून गेले नाही.

गुरुवार, २० फेब्रुवारी

चार दिवस तळ्यावर एकटीच. ती येत नाही. सूनबाईच्या फोनवरून तिला मेळाव्याचं निमंत्रण पाठवलं, "तू येशील तर बरं वाटेल, न आलीस तरी मी सगळं सांगणार आहे" असं लिहून. दोन निळ्या खुणा आल्या, म्हणजे वाचलं, असं सूनबाई म्हणते. उत्तर नाही.

डॉक्टरांचा मात्र फोन आला. माझी पाचावर धारण बसली होती, पण आवाजात राग नव्हता.

"काकू, पहिले दोन दिवस मी खरंच चिडलो होतो. तुमच्यावर नाही, माझ्यावर. भिंगातून शंभर वेळा ती वीण पाहिली, आणि मनात जे होतं तेच दिसलं मला. सोमवारी एक पिवळी काढली, तिला रबर लावलं आणि क्लबमध्ये तास-दीड तास खेळलो. बॅट तीच आहे हो. जाळी म्हणून काही कमी लागली नाही."

मग त्यांनी एक गंमत सांगितली. एका छपाईवाल्याकडून तसलीच पिवळी जाळी आणून, सुतार मित्राकडून तशीच बॅट त्यांनी दाबून घेतली. दुसऱ्या दिवशी तिचे थर सुटले. पुन्हा केली, पुन्हा सुटले. "तुमची एकतीस वर्षं टिकली, आमची एक दिवस नाही. गोंद कुठला होता?"

गोंद सांगितला. तोच त्यांनी वापरला होता. उष्णता, दाब, वेळ, सगळं तेच. मग काय चुकतंय? मलाही सांगता येईना. माझ्या हातात काही जादू आहे असं ह्यांचं मत पडलं. ह्यांना माझ्या हातची भाजी खारट लागते तेव्हा ही जादू कुठे जाते?

रविवार, २३ फेब्रुवारी

व्यायामशाळेच्या वरचा हॉल. खालून वजनं आदळल्याचे आवाज. चाळीसेक माणसं, बरीचशी टक्कल पडलेली, आणि प्रत्येकाच्या हातात एक भिंग. लांब टेबलावर काळ्या कापडावर बॅटा मांडलेल्या. पिवळ्या एका रांगेत, एकवीस. एवढ्या एकत्र मी त्या मंगळवारनंतर पाहिल्या नव्हत्या, ट्रकमध्ये चढल्या तेव्हापासून. कुणी तरी विचारलं, हात लावू का. मी म्हणाले, मलाच विचारता?

डॉक्टर सगळ्यांची विचारपूस करत होते. ह्यांच्यापाशी येऊन म्हणाले, "बाबा, कवळी आता टोचत नाही ना?" माणूस फार चांगला. ओळख ना देख, तरी किती आपुलकीनं चौकशी करतो.

मला बोलायला उभं केलं. कागद आणला होता, तो बाजूला ठेवून दिला आणि तसंच बोलले. कापड संपलं ते सांगितलं, जाळी सांगितली. कुजबुज झाली. पहिल्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी हातातली पिवळी मांडीवर ठेवली, आजारी मांजर ठेवावं तशी. मी थांबले नाही. चौकटी कुणाच्या होत्या, मेमो कुणाला मिळाला, कोण गप्प बसलं, सगळं. "या बॅटेचं कौतुक करताना हेही पुस्तकात यावं," म्हणाले आणि बसले.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. बरंच झालं.

मग त्याच म्हाताऱ्या गृहस्थांनी विचारलं, "पण डॉक्टरांच्या नव्या बॅटा सुटतात, आणि या सुटत नाहीत. असं का?"

मी म्हणाले, "ते मला नाही माहीत."

"तिला कसं माहीत असणार?" मागून आवाज आला. "घासली मी होती."

शाईवाली. शेवटच्या रांगेत, मांडीवर पर्स, कधी येऊन बसली कळलंच नाही. ती उठून पुढे आली. माझ्याकडे बघितलं नाही. टेबलावरची एक पिवळी उचलली, कडेवरून अंगठा फिरवला.

"हा धागा काचेसारखा गुळगुळीत असतो," तिनं सांगायला सुरुवात केली. "त्याच्यावर काही म्हणता काही चिकटत नाही. दुकानातून आणली तशी वापरली तर छपाईचा लेपसुद्धा सुटतो. म्हणून चौकटीवर ताणल्यावर आधी खरखरीत भुकटीनं घासायची. दोन्ही बाजू, गोल गोल, हलक्या हातानं. मग सोड्याच्या पाण्यानं धुवायची, तेलकटपणा जायला. आणि वाळली की हात लावायचा नाही. बोट लागलं तरी तिथे धरत नाही. रजेवर जायच्या आधी मी चौदा चौकटी घासून ठेवल्या होत्या. चार दिवस लागले. आल्यावर लगेच छपाईला लागायचं म्हणून."

हॉलमध्ये खालच्या वजनांचे आवाज तेवढे येत होते. डॉक्टर लिहीत होते. लिहिताना त्यांचा चेहरा बक्षीस उघडणाऱ्या पोरासारखा झाला होता.

"म्हणजे काकू, अर्धी बॅट तुमची!"

"अर्धी कशी? हिनं नुसती दाबली."

सगळे हसले. मीही हसले, आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, कारण मला खरंच कधी कळलं नव्हतं. एकतीस वर्षं मला वाटत होतं की मी युक्ती केली. माझी युक्ती दुसऱ्याच दिवशी सुटली असती. तिचे चार दिवस खाली होते म्हणून ती धरून राहिली.

मी वळून बघितलं तोवर ती निघून गेली होती. चहालाही थांबली नाही.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

डॉक्टरांनी फोनवर पिवळीचं पान वाचून दाखवलं. "एकूण एकशे पाच नग. धागा: छपाईची पॉलिस्टर जाळी, हातानं घासून तयार केलेली." पुढे आम्हा दोघींची नावं. मी म्हणाले, तिचं आधी घ्या. ते म्हणाले, तिचाही फोन येऊन गेला, तिनंही तेच सांगितलं, स्वतःचंच नाव आधी घ्या म्हणून.

पिवळीची मागणी कमी होईल अशी मला धास्ती होती. उलट परवापासून डॉक्टरांकडे चौकशीचे फोन येताहेत, आणि दोघांना बॅटेच्या पोटात अक्षरं असलेली पिवळी हवी आहे. ती उघडल्याशिवाय कशी कळणार, हे मात्र त्यांना सुचत नाही. मोठी माणसं, पण खेळण्यापुढे सगळी सारखीच.

संध्याकाळी तळ्यावर एकटी. बदकांनीही ओळख दाखवली नाही.

शनिवार, १ मार्च

आज लिहायला बराच वेळ लागतोय, पण झोपायच्या आधी संपवायचंच.

सकाळी दहाला शाईवाली आली. चप्पल काढली नाही, दारातच एक पिवळट पडलेला कागद पुढे केला. मेमो. चार घड्यांवर फाटायला आलेला. "वाच."

मी वाचला. "आपल्या ताब्यातील चौदा चौकटींवरील जाळी आपल्या निष्काळजीपणामुळे अथवा संगनमताने..." संगनमताने. असं लिहिलं होतं हे मला ठाऊक नव्हतं.

"आता मागे लिही. तुझ्या हातानं."

पेन घेतलं. लिहिलं: "या चौदा चौकटी मी कापल्या."

तिनं वरून वाचलं. "चौकटी नाही कापल्यास. जाळी कापलीस. चौकटी शाबूत होत्या, मी मोजल्या होत्या."

खोडलं. "चौकटींवरची जाळी मी कापली. हिला माहीत नव्हतं. मला माहीत होतं आणि मी सांगितलं नाही." सही केली. "तारीख कोणती घालू?"

"आजची घाल. तेव्हाची तुला मिळायची नाही."

ह्यांनी पाणी आणून दिलं आणि शहाण्यासारखे आत गेले. तिनं कागदाची घडी घातली. मला वाटलं, डॉक्टरांसाठी असेल, पुस्तकात छापायला. तसं विचारलं.

"डॉक्टरांना काय करायचंय? भावाला दाखवायचाय." ती पहिल्यांदा खुर्चीत बसली. "त्याला वाटतं, आईच्या औषधांसाठी मी जाळी विकली. मी किती सांगितलं, नाही रे. तो म्हणायचा, ताई, आईसाठी केलंस ना, मग त्यात काही वाईट नाही. अजून म्हणतो. एकतीस वर्षं मला माफ करतोय मेला. न केलेल्या गोष्टीबद्दल!"

ती उठली. "चल, चप्पल घाल. कागद वाचेल आणि म्हणेल मैत्रिणीकडून लिहून आणलास. तूच चल."

भाऊ चार चौक पलीकडे राहतो, तिसऱ्या मजल्यावर. रस्ताभर ती नेहमीसारखी पुढे. जिन्यात मात्र थांबली, माझा दम जुळेपर्यंत.

दार त्यानंच उघडलं. साठीला आलेला, तिच्याहून धाकटा, नाक तिच्यासारखंच. तिनं काही न बोलता कागद दिला. त्यानं पुढून वाचला, मागून वाचला, पुन्हा पुढून. मी म्हणाले, "खरं आहे ते. मीच." मग तो बहिणीकडे वळला.

"मग ताई, तेव्हा औषधांना पैसे आले कुठून?"

"माझं कानातलं," ती म्हणाली.

एवढंच. जरा चिडूनच म्हणाली, हे काय विचारायचं झालं अशा आवाजात.

तो स्वयंपाकघरात गेला. बायको घरी नव्हती, कपाटं उघडल्या-बंद केल्याचे आवाज येत राहिले, त्याला चहाची पूडसुद्धा सापडत नसावी. शाईवालीनं बसल्या जागेवरून ओरडून सांगितलं, वरच्या फळीवर बघ. बऱ्याच वेळानं तो ट्रे घेऊन आला. कप बशीत सांडलेला. त्यानं तो बहिणीपुढे दोन्ही हातांनी ठेवला आणि तिच्या पायांशी जमिनीवरच बसला, लहानपणी बसत असेल तसा.

"साखर किती घातलीस!" ती म्हणाली, आणि सगळा प्यायली.

मलाही त्यानं कप दिला. सगळ्यांत शेवटी, निवलेला. त्यावर माझं काही म्हणणं नव्हतं.